फोटोतला गुलाबी डाग

माझ्या लॅपटॉपचा पडदा बदलायला हवा असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण तेच आमच्या दादाला वाटू लागलं तेव्हा मी दचकलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मोताळ्याजवळच्या आमच्या गावी शेती तो करतो. मी बुलडाण्याला भाड्याच्या घरात बसून लोकांच्या पुस्तकांची पानं जुळवून देतो. लॅपटॉपशी त्याचा आजवरचा संबंध एवढाच, की मी गावी गेलो की मिटलेल्या झाकणावर पेपर पसरून तो भुईमुगाच्या शेंगा फोडायचा. असा माणूस एका सकाळी मोटरसायकलवर राजूर घाट चढून आला आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाला,

"तुह्या त्या डब्याचा पडदा बदलून टाक. त्याच्यात काईच दिसत नाई."

"काय पाहायचंय तुला?"

"तुले मालूम नाई का?"

मालूम होतं. एक गुलाबी डाग पाहायचा होता. तो डाग नेमका कशाचा आहे हे कळल्याशिवाय दादाला त्याच्या धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याला तोंड देता येत नव्हतं. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला बांध. तो ओलांडायला एक ढांग पुरते. दादाच्याने ती पडत नव्हती.

पाणी प्यायलाही तो बसला नाही. उभ्याने पेला रिकामा केला, खिडकीतून खाली लावलेली गाडी पाहिली, दारापर्यंत गेला, परत आला. त्या वर्षभरात त्याची ही सवय झाली होती. बाजेवर टेकला की लगेच काहीतरी आठवल्यासारखा उठायचा. आठवलेलं काहीच नसायचं.

आता तो डाग कुठून आला ते सांगायला हवं.

त्या वर्षाच्या आधीच्या हंगामात, गणपतीच्या सुमाराला, दादाच्या वावरात एका बियाणे कंपनीचा शेतकरी मेळावा झाला होता. बीटी कपाशीचे दिवस होते. बियाण्यातच औषध आहे, बोंडअळी लागत नाही, असं पाकिटावर होतं आणि पाकिटावर असतं ते लोक मनापासून वाचत. दादाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच, त्या वर्षी कमरेच्या वर गेली होती, वावर रस्त्याला लागून होतं आणि धुऱ्यापर्यंत चारचाकी जात होती. या तीन गुणांवर तो प्रगतिशील शेतकरी ठरला.

मांडव घालायला जागा नव्हती म्हणून पऱ्हाटीचे काही तास, म्हणजे ओळी, उपटून टाकले. ज्या पिकाच्या सन्मानासाठी सगळे जमणार होते त्यातल्याच काहींना अशी आधी वाट करून द्यावी लागली. प्रमुख पाहुणे जेवणवेळ टळून गेल्यावर आले आणि शेतकऱ्याने वेळेचं महत्त्व ओळखलं पाहिजे, यावर बोलले. एका वक्त्याने कपाशीला पांढरं सोनं म्हटलं. दुसऱ्यानेही म्हटलं. तिसऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं, पण तोवर लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केलेलेच होते. मग दादाला शाल पांघरली. भाद्रपदातलं ऊन आणि लोकरीची शाल. फोटोत त्याच्या कपाळावर जो घाम दिसतो तो लोकांना कष्टाचा वाटतो. तो शालीचा आहे.

फोटो काढण्यासाठी त्याला उभ्या पऱ्हाटीत नेलं. एक फांदी हातात धरायला दिली. वहिनी त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली होती, पण त्या बाजूला मजकूर यायचा होता, म्हणून फोटोवाल्याने तिला सरकायला सांगितलं. "काका, हसा," तो म्हणाला. दादा हसला. माझ्या माहितीप्रमाणे फोटोसाठी हसण्याची त्याची ती पहिलीच वेळ. लग्नाच्या फोटोतही तो फौजदार समोर असल्यासारखा उभा आहे.

तो हसरा दादा पुढे फलकावर चढला. एक फलक मोताळ्याच्या आठवडी बाजाराच्या तोंडाशी, एक आमच्या गावच्या फाट्यावर. खाली लिहिलं होतं, "माझा विश्वास, माझी कपाशी." दादा असं काही बोलला नव्हता. पण फलकावरच्या माणसाला आपण काय बोललो हे फलक वाचूनच कळतं, आणि चारदा वाचलं की पटतंही. पुढच्या मृगाच्या आधी लोक त्याला थांबवून विचारू लागले, कोणतं बियाणं घेऊ? तो सांगायचा, "माह्यावालं घ्या." त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्या पहिल्या वेचण्या भरघोस झाल्या होत्या. शेवटच्या वेचण्यांना किडकी बोंडं निघाली, पण थोडंफार किडकं निघायचंच.

मग ते वर्ष आलं. आमच्याकडे त्याला अजून नुसतं "बोंडअळीचं वर्ष" म्हणतात. कोणतं, असं कोणी विचारत नाही. बोंड बाहेरून टच्च हिरवं, फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडका कापूस. वेचायला बाया येईनात, आल्या तर एकेका बोंडाशी झटून हात सोलून घेत. कोणी उभ्या पिकात बकऱ्या सोडल्या, कोणी रोटावेटर फिरवला. फाट्यावरचा दादा मात्र हसतच होता. एका सकाळी त्याच्या हनुवटीखाली कोणीतरी किडकं बोंड दोऱ्याने टांगलेलं आढळलं. हॉटेलात गेला की हाळी यायची, "या, प्रगतिशील! सरका बे, विश्वासाले जागा द्या!"

हे त्याने पचवलं. गाव टिंगल करतं म्हणजे गावाने अजून सोडलेलं नाही, एवढं त्याला कळतं. त्याला पचलं नाही ते भाईंचं गप्प राहणं.

धुऱ्यापलीकडे ज्यांचं वावर आहे त्यांना मी भाई म्हणतो. ते दादाच्याच वयाचे, शाळेत त्याच्याच वर्गातले. त्यांचं घर मशिदीच्या गल्लीत, आमचं दुसऱ्या टोकाला, त्यामुळे गावात त्यांची भेट कमी. भेट होते ती धुऱ्यावर. तिथे एक निंब आहे. तो कोणाच्या हद्दीत येतो यावरून आमच्या आजोबांच्या वेळेपासून वाद आहे, आणि तो मिटू नये याची दोन्ही घरांनी काळजी घेतलेली आहे, कारण वाद मिटला तर त्याच्या सावलीत एकालाच बसता येईल. दादा आणि भाई एकमेकांशी बोलत नसत, ओरडत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. "काऊन बे, तुहा बैल माह्याकडं पाहून काऊन हसून राह्यला?" "त्याले तुही पेरनी दिसली असन!" मी लहानपणापासून हे ऐकत आलो.

भाईंनीही दादाच्या शब्दावर तेच बियाणं पेरलं होतं. त्यांचंही गेलं. पण ते भांडले नाहीत, टोमणा मारला नाही. निंबाखाली यायचे, "बसा," म्हणायचे, भाकरी खाऊन "येतो" म्हणून उठायचे. ओरडणं बंद झालं. एवढ्या मोठ्या शिवारात दोन माणसं हळू आवाजात हवामानावर बोलू लागली.

"त्याले वाटते मले मालूम होतं," दादा मला म्हणाला. मग काही दिवसांनी त्याहून वाईट बोलला. "मालूम होतं का रे मले?"

इथे तो डाग येतो. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिक्कट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मान टाकतं. हे चांगलं फूल. पण आत बोंडअळी शिरली असेल तर फूल उमलतच नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटून बसतं. त्याला डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली की समजायचं, घरात चोर आला. मेळाव्याच्या त्या फोटोत, दादाच्या खांद्यामागे, पानांच्या गर्दीत एक गुलाबी डाग होता. दुसऱ्या दिवसाचं फूल असेल तर दादा निर्दोष. डोमकळी असेल तर अळी त्याच्या खांद्यामागे बसलेली असताना तो हसून "माझा विश्वास" म्हणाला, आणि त्याच्यासारख्या जन्म पऱ्हाटीत गेलेल्या माणसाला ती दिसली नाही, यावर भाई काय, तो स्वतःही विश्वास ठेवायला तयार नव्हता.

फोटो त्याच्या मोबाइलवर होता. कंपनीच्या माणसाकडून कोणाला, त्याच्याकडून दुसऱ्याला, असा फिरत फिरत आलेला. मी तो लॅपटॉपवर घेतला.

माझा लॅपटॉप जुना होता आणि त्याचा पडदा त्याहून जुना वाटायचा. पुढ्यात ताठ बसून पाहिलं तर ठीक; जरा डावीकडे सरकलं की माणसं काळवंडायची, उजवीकडून भुतासारखी पांढरी दिसायची, आणि वरून पाहिलं तर सगळं धुक्यात. एका वेळी एकानेच पाहावं अशी त्याची रचना होती. माझं त्याने काही अडत नव्हतं. माझ्याकडे येणारं काम मुख्यतः गौरवग्रंथ आणि स्मरणिकांचं. त्यातली माणसं जितकी धूसर दिसतील तितका मजकूर खरा वाटतो.

दादा आणि मी त्या पडद्यापुढे आळीपाळीने बसलो. "सरक," तो म्हणायचा. मी सरकायचो. "आता दिसते. नाई, गेलं. मोठं कर." मी मोठं करायचो. डागाचे चौकोन व्हायचे: एक गुलाबी, एक राखाडी, एक कुठलाच नाही असा. "लहान कर." पुन्हा डाग. एखाद्या दुपारी तो नुसता डाग पाहायला यायचा आणि दोन पावलं मागे-पुढे करत, उकिडवं बसत, एक डोळा मिटत, त्या डागाभोवती हिंडायचा.

त्यातूनच पडदा बदलण्याचं निघालं. मी त्याला समजावलं. पडदा हा ठिपक्यांचा असतो, नव्या पडद्यात ठिपके जास्त असतात, पण फोटोत जेवढं आलं आहे तेवढंच त्यात दिसणार. पडदा चांगला म्हणून फोटोत नवं काही उगवत नाही. दादाने शांतपणे ऐकलं.

"तुहा चष्मा बदलला मागच्या साली, तवा पेपरातले अक्षरं बदलले का?"

"नाही."

"पन वाचता याले लागले ना?"

मी लॅपटॉप पिशवीत घातला.

बाजार लाइनीतल्या एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करतात. दुकानदार कमी बोलणारा. त्याने झाकण मागेपुढे करून पाहिलं आणि गेम खेळता का, म्हणून विचारलं.

"नाही. एक फोटो नीट पाहायचा आहे."

"कोणाचा?"

"भावाचा."

त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर हलकेच खाली ठेवला. आवाजही खाली आला. "कधी झालं?"

"म्या हावो नं हितं," मागून दादा म्हणाला.

पडदा अकोल्याहून मागवावा लागणार होता. जास्त ठिपक्यांचा घ्या, दुकानदार म्हणाला, आणि घेताच आहात तर कोणत्याही बाजूने सारखा दिसतो तसला घ्या. मला या दुसऱ्या गुणाचं काही वाटलं नाही. मी एकटाच राहतो. कोणत्या बाजूने कोण पाहणार? पण तोच एक मिळत होता.

तो येईपर्यंत दादाचे रोज फोन. "आला का?" "नाही." "काऊन नाई आला?" जणू पडदा एसटीने येणार होता आणि मी त्याला उतरवून घ्यायला स्टँडवर गेलो नव्हतो. मलाही त्याची लागण झाली. लॅपटॉप दुकानात, हातात काम नाही. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचो, पुस्तक उघडायचो, त्याच पानावर मिटायचो. तलावापर्यंत जायचो आणि तिथे पोहोचलो की परत फिरायचो. डागाशी माझं काही देणंघेणं नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो. पण झोपताना डोळे मिटले की तो पानांच्या मागे सरकून बसायचा.

पडदा बसला. जुना निघाला, नवा त्याच जागी गेला, वायरही तीच चालली. चालू केला आणि मी घाबरलो. सगळं मुंगीएवढं! ठिपके वाढले की अक्षरं लहान होतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि सोयीस्कर विसरलो होतो. दादाचा फोन आला.

"मोठं दिसते का?"

"लहान दिसतंय. पण स्वच्छ."

"चांगलं हाय का मंग ते?"

"आधी मोठं आणि गढूळ होतं, आता बारीक आणि स्वच्छ."

"मेळाव्याच्या आधी सांगाले पाह्यजे होतं हे कोनी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुकानदाराने काहीतरी करून अक्षरं पुन्हा वाचण्याजोगी केली. घरी येऊन मी अर्धवट राहिलेला गौरवग्रंथ उघडला. सत्कारमूर्तींचे काळेभोर केस मुळाशी पांढरे होते. हार प्लॅस्टिकचा होता. मागे बसलेल्यांपैकी दोघे झोपले होते. मी तो ग्रंथ बंद केला. डाग दादाच्या समोरच उघडायचा असं ठरलं होतं, पण राहवलं नाही. उघडला. डागाची कड आता चाकूने कापल्यासारखी स्पष्ट होती, आणि तरीही तो डागच होता. एका कडेला पिवळसर रेघ होती. ती फोटोच्या फिरतीत आलेली खोट असावी. फूल म्हणावं तर तसं, डोमकळी म्हणावं तर तसं. दादाला काय सांगायचं, याचा विचार करत मी सकाळची गाडी धरली.

चैत्र लागला होता. वावरं मोकळी. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग घराघरांमागे जळणासाठी रचलेले. फाट्यावरचा फलक वाऱ्याने कधीच फाटला होता. त्याचं कापड कोणीतरी कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या भुशाच्या, ढिगावर झाकलं होतं, आणि त्या ढिगाच्या उतारावर दादा उलटा, पाय आभाळाकडे करून हसत होता.

ओसरीवर बाज होती. मी लॅपटॉप बाजेवर ठेवला. दादा उंबऱ्यात, मग खांबापाशी, मग माझ्या मागे. डाग उघडला.

"कुठूनबी दिसते हे," तो म्हणाला. पडद्याच्या गुणाचा त्याला पहिल्यांदा शोध लागला होता. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला. डाग कुठेच गेला नाही. "मंग? काय हाय?"

"कळत नाही, दादा."

"काऊन कळत नाई? पडदा बदलला ना?"

"तुला सांगितलं होतं…"

"तू सांगतलं, तू सांगतलं. सारंच तू सांगतलं." तो खांबापाशी गेला आणि त्यावरचा जुना खिळा उपटायला लागला. तो खिळा तिथे आमच्या बापाने ठोकला होता. कशासाठी ते कोणाला माहीत नाही.

वहिनी चहा घेऊन दारात आली. जुना पडदा असता तर तिथून तिला काळा चौकोन दिसला असता. तिने एक कप माझ्यापुढे ठेवला, दुसरा दादाकडे धरला आणि पडद्याकडे पाहून म्हणाली,

"माह्या साडीत काय पाहून राह्यले इतलं?"

दादाने खिळा सोडला. "कोन्या साडीत?"

"हे नाई का. पदर हाय माहा. भाऊबीजेची गुलाबी साडी नाई का, मेळाव्याले नेसली होती ते. तो फोटोवाला म्हने सरका. म्या सरकली. हवा होती, पदर राह्यला मांगं."

"कशावरून?" हे मी आणि दादा एकदमच म्हणालो.

ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. साडी घेऊन आली आणि तिचा काठ पडद्याला लावून धरला. गुलाबी, आणि कडेने जरीची बारीक पिवळी रेघ. ज्या रेघेला मी खोट समजत होतो ती.

दादा हसला. फलकावरच्यासारखं नाही, पोटातून, आवाज करत. "म्हंजे डोमकळी नव्हती! पाह्य बे, नव्हती! वरीसभर बायकोच्या पदरात अळी पाहून राह्यलो म्या!" त्याने चहा बशीत ओतला आणि बाजेवर बसला. मांडी घालून. तो असा बसलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. "आता जातो त्याच्याकडं. सांगतो, बाबा, नव्हती अळी. कसम खाऊन सांगतो."

वहिनी साडीची घडी घालत होती. एक टोक हनुवटीखाली धरलेलं, त्यामुळे तिचं बोलणं जरा दबून आलं.

"फोटोत कशी असन? डोमकळ्या तं म्या सकाळीच तोडल्या होत्या."

बशी दादाच्या ओठांजवळ थांबली. "कोन्या सकाळी?"

"मेळाव्याच्या. पाहुने येनार होते नं. अंगन सारवलं, मंग वावरात गेली. ज्या तासानं ते जानार, तिथले मिटलेले, वाकडेतिकडे फुलं तोडून घेतले. घर आवरतो तसं. चार लोकं येतीन, चांगलं दिसते का ते?"

"अळी होती त्याच्यात?"

"होती नं. दोनचार उकलून पाह्यले. बारीक बारीक."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही दाढी करून राह्यले होते." तिने घडी पूर्ण केली. "मंग मांडवात तो कंपनीवाला म्हने, या पऱ्हाटीले बोंडअळी लागतच नाई. सारे टाळ्या वाजवून राह्यले. म्या म्हनलं, लागत नाई म्हंते तं हे दुसरी कोनती असन."

तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. पाहुणे गेले, भांडी घासली, दिवस संपला. पुन्हा कोणी विचारलं नाही आणि तिलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. पाहुणे येण्याआधी घरातला पसारा कुठे टाकला, हे कोणी नंतर सांगत बसतं का?

दादाने बशी खाली ठेवली. चहावर साय धरू लागली. मी वाट पाहत होतो की तो वहिनीवर ओरडेल. तो ओरडला नाही.

"टाकल्या कुठं?"

"धुऱ्यावर. निंबापाशी."

दादा उठला. "चाल," मला म्हणाला. "तो असन आता निंबाखाली. डबा घे संगं."

"लॅपटॉप कशाला?"

"घे म्हनलं ना."

आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे, काखेत लॅपटॉप. वाटेत तो दोनदा थांबला. एकदा म्हणाला, "नाई सांगतलं तं? पदर होता एवढंच सांगतलं तं?" माझ्याकडे मत होतं, पण वावर त्याचं होतं. तो पुन्हा चालू लागला, आधीपेक्षा भरभर.

निंबाला मोहोर आला होता. भाई बुंध्याला टेकून बैलाची कासरा-दोरी पिळत होते. "या, बसा," ते म्हणाले. तेच हळू आवाजातलं.

दादा बसला नाही. "अळी होती," तो म्हणाला.

"कधी?"

"मेळाव्याच्या दिवशी. माह्या वावरात. घरच्यांनी सकाळी तोडून टाकल्या डोमकळ्या, पाहुने येनार म्हनून. मले मालूम नव्हतं. आत्ता समजलं, चहा पेता पेता. तसाच आलो."

भाईंनी दोरी पिळायची थांबवली. मग हातातल्या टोकाने बुंध्याच्या पलीकडची जागा दाखवली. "हितं टाकल्या होत्या. संध्याकाळी म्या पाह्यल्या. चांगलं टोपलंभर."

दादा त्या जागेकडे पाहत राहिला. तिथे आता निंबाचा मोहोर सांडला होता. "तुले मालूम होतं?"

"मले वाटलं तूच तोडल्या. लपवाले."

"मंग इचारलं काऊन नाई बे?"

"म्या काऊन इचारू?" भाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "फोटो तुहा लागला का माहा? म्या म्हनलं, सांगन. आज नाई तं उद्या सांगन. मृग आला, दिवाळी झाली, तुह्या तोंडातून शब्द नाई! हवा कशी हाय, पानी कसं हाय!"

"पण भाई," मी मध्ये पडलो, "अळी पाहिली होती तर तेच बियाणं तुम्ही का पेरलं?"

"दुकानात दुसरं काय होतं, छोटे? पाकीट अलग, नाव अलग, फोटो अलग. अळीले वाचता येते का?" मग पुन्हा दादाकडे वळून, "आन् तू? वरीसभर काय करून राह्यला होता?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या काखेकडे पाहिलं.

"याच्या कम्प्युटरचा पडदा बदलून राह्यलो होतो."

भाईंनी दोरी फेकली आणि हसायला लागले; इतके की त्यांना खोकला आला आणि निंबावरचे कावळे उडाले. "पडदा!" ते म्हणाले. "या अल्ला! दाखव बे, काय हाय त्या पडद्यात."

मी लॅपटॉप उघडला. उन्हात पडदा ठार काळा. अकोल्याहून आलेल्या त्या साऱ्या ठिपक्यांत आम्हा तिघांची डोकी तेवढी दिसत होती. भाईंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आम्ही तिघे त्याखाली घुसलो. आत घामाचा आणि तंबाखूचा वास. हळूहळू फोटो उजळला. दादा, शाल, फांदी, पदर.

"हा पदर," दादा म्हणाला.

भाईंनी पदराकडे पाहिलंही नाही. ते फोटोच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी शोधत होते. त्यांचं राकट बोट पडद्यावर टेकलं.

"हा मी."

"कुठं?"

"हा नाई का. निंबापाशी."

मी तो भाग मोठा केला. काळे-करडे चौकोन. खोड असेल, बैल असेल, काहीही असेल. "हे तुम्हीच कशावरून, भाई?"

"म्या तिथंच उभा होतो नं."

दादाने मान पुढे घेऊन निरखून पाहिलं. "हाव," तो म्हणाला. "हाच हाय. असाच वाकडा उभा राह्यते."

दुपट्ट्याखाली गरम होत होतं, पण कोणी बाहेर निघेना.

"ते शाल लय गरम होती का बे?" भाईंनी विचारलं.

"लय," दादा म्हणाला.